झुवैनाची नजर

"आजही?" झुवैनाने विचारलं.

"आजही," मी म्हणाले.

ती स्टाफरूमच्या दारातच उभी होती. मान हलवून बाजूला झाली आणि मी आत शिरताना मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. रमजान लागल्यापासून हा रोजचा कार्यक्रम होता. मी सकाळी शाळेत पाऊल टाकलं की ही बाई कुठून तरी उगवायची आणि विचारायची, आज उपवास आहे का. इतर कोणी कोणाला असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट ओमानमधली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागांमध्ये लपलेलं एक गाव होतं, आणि तिथल्या मुलींच्या शाळेत मी करारावर इंग्रजी शिकवत होते. माझा नवरा श्रीनिवास रस्त्यांची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. शाळेत भारतीय मी एकटीच. तिथे मुली बाईंना 'अबला' म्हणतात. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग उठून उभा राहिला आणि एका सुरात 'अबला हेमा' म्हणाला, तेव्हा मला हसू आवरेना.

खरी अबला मी सांगलीत होते. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि भेटणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. हळदीकुंकवाची बोलावणी यायची, पण ओटी भरायची वेळ आली की मला कोणीतरी हळूच स्वयंपाकघरात काहीतरी आणायला पाठवायचं. ओमानच्या त्या गावात मी इंग्रजी विभागाची प्रमुख होते. माझी स्वतःची खुर्ची होती, खिडकीजवळची. मी आले की मुली उठून उभ्या राहत आणि कोणी माझ्या पोटाकडे बघत नसे. ती जागा मला काही झालं तरी सोडायची नव्हती.

आणि झुवैनाला ती हवी होती. ती गावातलीच, सव्वीस वर्षांची, मस्कतला शिकून आलेली, दोन मुलांची आई. तिला माझ्या हाताखाली दिलं होतं, आणि परदेशी शिक्षकांच्या जागी हळूहळू इथल्या मुलींना आणायचं हे उघड गुपित होतं. करार कोणाचा वाढवायचा ते मुख्याध्यापिका ईदनंतर ठरवणार होत्या. त्यांना सगळे 'मुदीरा' म्हणत. मुदीरा कमी बोलत आणि सगळं ऐकून घेत. असल्या माणसाची मला फार भीती वाटते.

मी उपवास का धरले? सांगायला कारण चांगलं होतं. वर्गातल्या मुली उपाशी बसलेल्या असताना आपण जेवून, तोंड पुसत वर्गावर जायचं हे बरं दिसत नाही. आदल्या वर्षी मी नवी होते तेव्हा मधल्या सुट्टीत क्वार्टरवर जाऊन जेवून यायचे, आणि परत येताना उगाच चोरासारखं वाटायचं. पण हे मुदीराच्याही नजरेत भरावं असं माझ्या मनात नव्हतं असं नाही. श्रीनिवासने ते लगेच ओळखलं.

"निवडणूक आली की पुढारी देवळात जातात," तो म्हणाला, "तसं चाललंय तुझं."

मी म्हटलं, मला उपवासांची सवय आहे. आहेच. पण आमचे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचे लाडू. त्या दिवशी माणूस एरवीपेक्षा दोन घास जास्तच खातो. इथे पाण्याचा थेंब नाही. थंडीचे दिवस होते, शाळाही लवकर सुटायची, तरी दुपारी जीभ टाळ्याला चिकटायची. पहिले चार दिवस मी संध्याकाळची बांग होईपर्यंत घड्याळाशी भांडत होते. मग हळूहळू ते अंगवळणी पडलं. भूक एका ठरावीक वेळी येते, थोडा वेळ दंगा करते आणि कंटाळून जाते, हे मला तिथे कळलं.

मधल्या सुट्टीचा मोकळा वेळ कसा घालवायचा म्हणून मी लायब्ररीत बसायला लागले. तिथे त्यांच्या धर्मग्रंथाची एक प्रत होती, डाव्या पानावर इंग्रजी अर्थ आणि उजव्या पानावर अरबी. झुवैनानेच ती कपाटातून काढून दिली. रमजानात रोज एक भाग वाचायचा, म्हणजे महिन्यात पूर्ण होतो, असं तिने सांगितलं आणि स्वच्छ असतानाच हात लावायचा असंही बजावलं. मी म्हटलं, मला नको शिकवू, आमच्या घरी पोथीचे याहून कडक नियम आहेत. त्यावर ती हसली होती. ती शेवटची हसलेली मला आठवते. पुढे नुसती बघायची.

उपाशी पोटी वाचण्यात एक वेगळंच काहीतरी असतं. डोळे भरभर पळत नाहीत. पानापानावर बागा आणि त्यांच्या खालून वाहणारे पाट, आणि मला घोटभर पाणी नाही. पहिल्यांदा हसू आलं, मग मी ते पान पुन्हा वाचलं. वाळवंटातल्या माणसाने स्वर्ग कसा कल्पिला असेल ते मला तहान लागल्यावर समजलं. मी त्यात रमले हे खरं आहे. झुवैनाला ते आवडायला हवं होतं. पण मी मान वर केली की ती कपाटाआडून माझ्याकडे बघत असायची, माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या ग्रंथाकडे.

मला वाटलं, ही काहीतरी गोळा करतेय. मी ढोंग करते, करारासाठी उपवासाचं सोंग आणते, असं मुदीराला सांगायचं असेल तर पुरावा लागेलच. आणि मजा म्हणजे सोंगाचा पुरावा माझ्यापाशी त्यांच्याविरुद्ध होता. स्टाफरूमच्या मागे चहा करायची एक छोटी खोली होती, तिला जाड निळा पडदा होता. रमजानात ती बंद असेल असं मला वाटलं होतं. पण रोज कोणीतरी एखादी बाई इकडेतिकडे बघून पडद्याआड जायची आणि थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर यायची. आज ही, उद्या ती. एक दिवस तर खुद्द झुवैना बाहेर आली आणि तिच्यामागून वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास आला. मला बघून ती चपापली नाही की काही नाही. उलट विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?"

म्हणजे यांनी पडद्यामागे कॉफी ढोसायची आणि मला दारात अडवून जाब विचारायचा. घरी गेल्यावर मी श्रीनिवासला हे सगळं तावातावाने सांगितलं.

"ती तुझ्यावर नजर ठेवते आणि तू तिच्यावर," तो म्हणाला. "मुलींना शिकवतंय कोण?"

त्याला थट्टा सुचत होती. माझं पित्त मात्र खवळलं होतं, अगदी खरोखरचं. पहाटे उठून खाल्लेले पोहे सात वाजता तळ ढवळून वर यायचे. खडूच्या वासानेही मळमळायचं. एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून मी टेबलाला धरून उभी राहिले आणि मुलींना वाचायला सांगितलं. वळून पाहते तर दारात झुवैना. तिचा तास दुसऱ्या मजल्यावर होता, तिचं तिथे काहीही काम नव्हतं. श्रीनिवास म्हणाला, पुरे झालं हे. मी म्हटलं, आता सोडला तर तिला हवं ते मिळेल. ईदपर्यंत मी मरत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिने मला घरी रोजा सोडायला बोलावलं. नाही म्हणायचं कारण नव्हतं. मोठं घर होतं, सासू, जावा, नणंदा मिळून आठ बायका, आणि मुलं किती ते मोजता येईना. जमिनीवर गालिचा अंथरून मधोमध खजूर, ताक, गव्हाचा मऊ शिजवलेला हरीस आणि तळलेल्या मासळीचं मोठं ताट ठेवलं होतं. बांग झाली. खजूर आणि ताक घेतलं तेव्हा जीव गार झाला. मग झुवैनाने मासळी पुढे केली आणि तिच्या वासाने माझ्या पोटात असं काही ढवळलं की मी तोंडावर हात धरला. एरवी मी मासळी मिटक्या मारत खाते, आजोळी शिकलेली.

त्या घरात तोवर बोलण्याचा कलकलाट होता, तो थांबला. सासू उठून माझ्याशेजारी येऊन बसली. तिने माझं मनगट हातात घेतलं, डोळ्याखालची कातडी अंगठ्याने खाली ओढून पाहिली आणि अरबीत काहीतरी विचारलं.

"मुलं किती, असं विचारतेय," झुवैना म्हणाली.

"नाहीत," मी म्हणाले.

तिने ते सांगितलं. म्हातारी झुवैनाशी हलक्या आवाजात बोलली, झुवैनाने मान खाली घातली, आणि मग आठही बायका आधी माझ्या पोटाकडे बघायला लागल्या आणि मग तोंडाकडे. समुद्र ओलांडून आले तरी सांगली माझ्या आधीच येऊन बसली होती. मी हात धुतले, आभार मानले आणि निघाले. गाडीत बसल्यावर रडू आलं, आणि ते त्या पोरीच्या घरून निघताना आलं याचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मुदीराच्या खोलीवरून जाताना आतून माझं नाव ऐकू आलं. दार लोटलेलं होतं. मी टकटक करून सरळ आत गेले. झुवैना मुदीराच्या टेबलापाशी उभी होती, आणि मला बघताच दोघी गप्प झाल्या. मुदीराने माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग त्यांनी पुढच्या वर्षाचा काय विचार आहे असं विचारलं, आणि मी म्हटलं, विचार कसला, मी इथेच आहे. मुदीराने झुवैनाकडे पाहिलं. झुवैनाने खिडकीबाहेर पाहिलं.

मला जे समजायचं ते समजलं. मी तडक लायब्ररीत जाऊन बसले. त्या दिवशीचा भाग उघडला, पण एक ओळ डोक्यात शिरेना. थोड्या वेळाने झुवैना आली. आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हतं. तिने माझ्या हातातला ग्रंथ हळूच काढून घेतला, मिटला, कपाळाला लावून कपाटात ठेवला, आणि माझ्यापुढे पाण्याची बाटली आणि एका कागदावर चार खजूर ठेवले.

"पाणी प्या," ती म्हणाली.

"सूर्य डोक्यावर आहे."

"मला दिसतोय. तुम्ही प्या."

मी दाराकडे पाहिलं. मी बाटली तोंडाला लावायची आणि मुदीराने आत यायचं, असंच ठरलं असणार.

"मला खाताना पकडून देणार आहेस का?" मी विचारलं. "त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तुम्ही सगळ्या रोज त्या पडद्यामागे काय करता ते मी सांगू का मुदीराला?"

तिला राग येईल असं मला वाटलं होतं. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"अबला हेमा, पडद्यामागे बायका का जातात हे तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"चोरून खायला."

"चोरून नाही. बाईला त्या चार-पाच दिवसांत रोजा नसतो. धरायचा म्हटलं तरी चालत नाही. ते दिवस नंतर भरून काढायचे. पुरुषांसमोर, मुलींसमोर खाणं बरं दिसत नाही, म्हणून पडदा. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. पण सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. रमजान संपत आला. म्हाताऱ्या शिपाईणबाई सोडल्या तर या शाळेतली प्रत्येक बाई त्या पडद्यामागे जाऊन आली. तुम्ही नाही गेलात."

"मी तुमच्यातली नाही. मला तुमचे नियम कसे माहीत असणार?"

"मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. म्हणूनच रोज विचारत होते. पण ग्रंथाचं काय? मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमच्याकडे याहून कडक नियम आहेत. त्या दिवसांत तुमच्याकडे पोथीला शिवतात?"

"नाही."

"मग हा ग्रंथ एक दिवस तरी कपाटात राहायला हवा होता."

दिवस मोजणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. दोन-दोन महिने काही नसायचं, आणि सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तुमचं लवकरच बंद होईल, आता त्या वाटेकडे डोळे लावू नका. आधी दोनदा मी ते लावून बसले होते. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं.

"असलं काही बोलू नकोस," मी म्हणाले. "माझं वय झालं. हे उपवासाचं पित्त आहे."

"माझ्या सासूला तसं वाटत नाही. तिला पाहताक्षणी कळलं. मला तर त्याआधीच वाटत होतं, पण धीर होत नव्हता."

"धीर मुदीराकडे जायचा झाला ना?" मी विचारलं. "तिला काय सांगितलंस?"

झुवैनाने नजर खाली वळवली.

"हेच सांगितलं. मूल झालं तर सप्टेंबरात होईल, शाळा उघडताना. करारावरच्या बाईला तेव्हा रजा मिळत नाही, जागाही राखून ठेवत नाहीत. मी म्हटलं, मग विभाग मला द्या."

"मला सांगायच्या आधी?"

"आधी." ती थांबली. "आज परत गेले होते ते वेगळ्या कामाला. काल तुम्ही गेल्यावर मी सासूला हे सगळं सांगितलं. तिने माझ्यासमोरचं ताट उचललं. म्हणाली, जागा हवी तर माग, पण त्या बाईला आधी पाणी पाज. पोटात मूल असलेल्या बाईला रोज्याची सक्ती नाही, हे तिला कोण सांगणार होतं? म्हणून आज मुदीराला म्हटलं, तपासणी होईपर्यंत थांबा. अबला हेमा, माझा अंदाज चुकला असेल तर करार तुमचा. मी मध्ये येणार नाही. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

म्हणजे माझा संशय खरा होता. ती माझ्यावर पाळत ठेवून होती, मुदीराकडे जाऊन आली होती, आणि तिला माझीच जागा हवी होती. यातलं काही मी उगाच मनाने रचलेलं नव्हतं. मी तिला चार शब्द सुनवायला हवे होते. पण माझा हात बाटलीकडे गेला. मी पाणी प्यायले, सगळी बाटली रिकामी केली. तहान त्या दिवसाची नसावी, इतकी होती. मग चारही खजूर खाल्ले, आणि ती माझ्याकडे बघत होती.

सरकारी दवाखाना शाळेच्या मागच्याच रस्त्यावर होता. आम्ही चालत गेलो. वाटेत ती दोनदा माझा हात धरायला पुढे झाली आणि दोन्ही वेळा मी तो मागे घेतला. नर्सने तपासणीसाठी नमुना घेतला आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. नर्सने बाहेर येऊन काही नाही म्हटलं, तर जागा माझी. खिडकीजवळची खुर्ची, उठून उभ्या राहणाऱ्या मुली, सगळं माझं, आणि ही पोर तोंडघशी पडणार. महिनाभर मला याहून दुसरं काही नको होतं. आणि मी तिथे बसून, हात घट्ट आवळून, जे देव आठवले त्यांना विनवत होते की माझी जागा जाऊ दे. आमच्या गणपतीला सांगितलं. ज्याचा ग्रंथ महिनाभर वाचला त्यालाही सांगितलं. ही जिंकू दे, म्हटलं, हिला सगळं घेऊ दे.

दार उघडलं. नर्सने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला अरबी येत नाही हे ओळखून ती झुवैनाशीच बोलली, भराभर, दोन-तीन वाक्यं. मला एक शब्द कळला नाही. मी झुवैनाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिचे डोळे भरून आले होते.

"अबला हेमा," ती म्हणाली, "मला माफ करा."

माफी कशाची? चुकली म्हणून?

"कशाबद्दल?" मी कसंबसं विचारलं.

"सप्टेंबरात तुमची जागा मी घेणार."

आता तिने हात पुढे केला नव्हता. मीच तो ओढून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि छातीशी घट्ट दाबला. दवाखान्यातल्या बायका माना वळवून बघत होत्या. बघू देत, म्हटलं.

"घे," मी म्हणाले. "घे बाई, घे."